सारंगचा कौल

समर्थच्या दुकानात त्या दिवशी माझ्यापुढे चार यंत्रं मांडून ठेवली होती आणि त्यातलं एकही मला पसंत पडत नव्हतं. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं की माणसाला एक वाईट खोड जडते. कोणी काही समजावून सांगू लागलं की त्याचं कुठे चुकतंय तेच आधी दिसतं. त्यात समर्थ माझाच विद्यार्थी. नववीच्या पेपरात त्याने प्राणवायूवर अडीच ओळी लिहिल्या होत्या आणि त्यातल्या दोन चुकल्या होत्या. आता तोच मालवणात पंप आणि मोटारी विकत होता आणि पाण्यात हवा कशी मिसळते ते मला शिकवत होता.

"बाई, चाक घेवा," तो म्हणाला. "पाणी असा उडयता! कोळंबीवाले सगळे ह्याच नेतत."

त्याने मोबाईलवर चाक चालू असलेलं दाखवलं. पाणी उडत होतं खरं, पण आवाज असा की दुकानातल्या गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. "याने आमच्या बाबांची झोप जाईल, माझी जाईल आणि खाडीपलीकडच्या गावाचीही जाईल," मी म्हटलं. दुसरं होतं ते कारंजं. ते मी त्याला एखाद्या हॉटेलवाल्याला द्यायला सांगितलं. तिसरं वाऱ्यावर फिरणारं होतं. दिसायला सुरेख, पण वारा असतो तेव्हा तळ्याला त्याची गरज नसते आणि गरज असते तेव्हा वारा नसतो, हे समर्थच्या लक्षात आलं नव्हतं. मी सांगितल्यावर त्याने मान डोलावली, वर्गात डोलवायचा तशीच.

चौथं म्हणजे एक छोटी पेटी. ती काठावर ठेवायची, तिच्यातून निघालेली नळी पाण्यात सोडायची आणि नळीच्या टोकाच्या तबकड्या तळाशी बसवायच्या. तबकड्यांतून बारीक बुडबुडे वर येतात. सोबत सूर्यावर चालणारी पाटी आणि बॅटरी. उजेड नसला तरी पाच दिवस निघतील, असं समर्थ म्हणाला.

"आवाज?"

"आवाज नाय. वायच बुडबुड, काठार बसलास तर ऐकाक येता."

"आणि पेटी झाडाखाली ठेवली तर लांबून दिसेल?"

समर्थने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. तो आमच्याच बाजूचा. मार्गशीर्षात आमच्या गावाची पळण आहे हे त्याला ठाऊक होतं आणि बाईंच्या डोक्यात काय शिजतंय हेही त्याने ओळखलं असावं. पण जुना विद्यार्थी तो. त्याने पेटी खोक्यात भरली.

पळण म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या गावाचं नाव मात्र सांगत नाही. सांगितलं की लोक कॅमेरे घेऊन येतात. दर तीन वर्षांनी रवळनाथाचा कौल घेऊन आमचा अख्खा गाव तीन दिवसांसाठी वेशीबाहेर जातो. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या टोपल्यांखाली जातात, कुत्री आपापली मागून येतात. मागे गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, माणसाने लावलेलं काही म्हणजे काही चालू राहत नाही. तीन दिवस गाव देवाचा. मी या सगळ्यावर कधी विश्वास ठेवला नाही आणि एकही पळण कधी चुकवली नाही. पण या वर्षी मला तळ्यातलं यंत्र चालू ठेवूनच जायचं होतं, आणि म्हणून मला मुकं यंत्र हवं होतं.

कारण तळ्यात सारंग होता.

आमचं तळं घरामागे, खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारवट जमिनीत. बाबा चाळीस वर्षं बोटीच्या इंजिनखोलीत काढून घरी आले तेव्हा त्यांनी ते खणून घेतलं. तीन बाजूंना चिऱ्याचा बांध आणि चौथ्या बाजूला खाडीकडे उघडणारं दार. दार म्हणजे खाचेत एकीवर एक बसवलेल्या सात फळ्या. उधाणाच्या भरतीला बाबा फळ्या काढायचे, खाडीचं पाणी आत यायचं, जुनं बाहेर जायचं, आणि त्याबरोबर काही मासे यायचे, काही जायचे. बाबांनी कधी हिशेब ठेवला नाही. असाच एकदा बोटभर लांबीचा चोणक मासा आत आला तो राहिला. वाढून हाताएवढा झाला. डोळे तांबूस, अंगावर चांदी. बाबांच्या पहिल्या बोटीवरच्या सारंगाचे, म्हणजे खलाशांच्या मुख्याचे, डोळे असेच होते म्हणे, म्हणून याचं नाव सारंग. बाबा करवंटी चिऱ्यावर तीनदा वाजवायचे की सारंग खालून वर यायचा. वर येताना पाणी आधी काळं व्हायचं, मग उजळायचं, आणि मग तो असायचा. बाबा त्याला सुंगटं, म्हणजे बारीक कोळंबी, घालायचे. तो तळ्यातली बाकीची मासळी, कालुंदरंसुद्धा, खाऊन टाकतो अशी मी तक्रार केली की म्हणायचे, "सारंग तो. तेचो मान आसा."

मागच्या वर्षी आई गेली. नर्मदा तिचं नाव, पण बाबा तिला नावाने हाक मारत नसत, "आयकलंस?" एवढंच म्हणत. शेवटचे तीन महिने ती माजघरात खाटेवर होती आणि खाटेशी ऑक्सिजनचं यंत्र अखंड चालू असायचं. त्याच्या बाटलीतलं पाणी बदलायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं होतं. त्या तीन महिन्यांत तळ्याकडे कोणी फिरकलं नाही, दार उघडलं नाही. आई ऑक्टोबरात गेली, आणि त्याच आठवड्यात ढगाळ, कोंदट हवेत तळ्यातले मासे पहाटे वर येऊन तोंडं उघडू लागले. दोन दिवसांत पांढरी पोटं पाण्यावर तरंगली. सारंग तेवढा राहिला. कडेला आडवा पडून तो श्वास ओढत होता आणि बाबा गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहून सुपाने पाणी हलवत होते. मी त्यांना ओढून बाहेर काढलं.

त्यानंतर बाबा माणसांशी बोलेनासे झाले. माझ्याशी कामापुरतं. सारंगशी मात्र तासन् तास. काय बोलत ते मला कधी कळलं नाही. दुपारी मी ओसरीवर पडल्या पडल्या ऐकायची, तो आवाज पाण्यावरून येता येता झोपेत मिसळून जायचा, आणि मला स्वप्न पडायचं की आमचं माजघर पाण्याखाली आहे आणि आई तिथे तांदूळ निवडत बसली आहे. जागी झाले की बरं वाटायचं. बाबा बोलतायत म्हणजे बाबा आहेत.

आणि मग या वर्षी गणपती झाल्यावर एका भरतीला मी पाहिलं की सारंग दारापाशी उभा आहे. फळ्या काढलेल्या, आणि तो खाडीकडे तोंड करून नुसता शेपटी हलवतोय. हा गेला तर बाबांचं काय? मी जाळी लावून पाहिली, ती कुर्ल्यांनी नांग्यांनी आठ दिवसांत कातरली. शेवटी मी फळ्यांवर लोखंडी पट्टी बसवून घेतली, तिला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. बाबांनी पाहिलं.

पुढचं विज्ञान सोपं होतं. दार बंद म्हणजे पाणी बंद. ऑक्टोबर लागला आणि सारंग पुन्हा पहाटे वर येऊन तोंड उघडू लागला. मीच त्याला कोंडला होता आणि आता त्याला श्वास पुरवायचं कामही माझ्याकडेच आलं होतं. म्हणून मी समर्थच्या दुकानात गेले होते.

यंत्र बसवायला समर्थ स्वतः आला. पेटी करंजाच्या झाडाखाली ठेवली, वर माडाच्या झावळ्यांची चुडतं टाकली, पाटी मागच्या छपरावर उन्हात लावली, तबकड्या तळाशी सोडल्या. बटण दाबलं आणि जरा वेळाने पाण्याच्या मधोमध तीन ठिकाणी बारीक बुडबुडे उमलू लागले. त्यांची वर्तुळं एकमेकांत शिरत होती, ऊन त्यांवरून घरंगळत होतं. मला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाहायला गेले तर सारंग वर नव्हता. खाली, थंडाव्यात, जिथे असायला हवा तिथे होता. मी खूश होऊन बाबांना हाक मारली.

बाबा काठावर आले. क्षणभर उभे राहिले, मान जराशी कलती करून. मग वळून घरात गेले आणि माजघरात, आईची खाट जिथे असायची त्या भिंतीकडे पाहत बसले.

त्या दिवसापासून ते तळ्याकडे गेले नाहीत. करवंटी वाजेना. सुंगटं मीच घालू लागले, पण सारंग माझ्यासाठी वर येत नसे. म्हाताऱ्या माणसाला नवी वस्तू खपत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. येतील सवयीने. इतकी वर्षं मुलांना निरीक्षण शिकवलं मी, आणि स्वतःच्या घरात आंधळी.

पळणीच्या दिवशी सकाळपासून वाटा गुरांच्या घंटांनी भरून गेल्या. आम्ही खाडीपलीकडच्या माळावर राहायचं होतं, चुडतांच्या खोपीत. मी भांडी बांधत होते तेव्हा बाबा कित्येक दिवसांनी आपणहून बोलले.

"सारंग कसो येतलो?"

"कुठे?"

"पळणीक."

मला हसू आलं. "तो राहील घरी. पाण्यात आहे तो, बाबा. तिथे सगळी सोय आहे त्याची."

"पळणीत कोण ऱ्हवत नाय," बाबा म्हणाले. "मांजरा पण नेतव आपण."

मी लक्ष दिलं नाही. निघताना ते म्हणाले, देवाक वात दाखवून येतंय, तू हो पुढे. मी पुढे झाले. होडीत बसून त्यांची वाट पाहिली. अर्ध्या तासाने ते आले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. ओहोळात पाय घसरला असेल असं मला वाटलं.

माळावरचे दिवस मला नेहमीच झोपेतल्यासारखे वाटतात. कोणाला काही काम नसतं. बायका दगडांच्या चुलीवर पेज ठेवतात आणि ती उतू जाईपर्यंत गप्पा मारतात. पुरुष पत्ते खेळतात. संध्याकाळी सगळे खाडीकाठी येऊन पलीकडे पाहतात. पलीकडे आपलंच गाव असतं आणि आपण त्यात नसतो. माडांखाली बंद दारं, ओसऱ्यांवर कावळे, देवळाचं छप्पर. काही हलत नाही. खूप वेळ पाहिलं की वाटतं, आपण गेल्यानंतर हे असंच दिसणार आहे, आणि ते तसं वाईट दिसत नाही.

मी मात्र सगळ्यांत वेगळ्या गोष्टीचा विचार करत होते. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. समुद्रात कुठेतरी हवा बिघडली होती. ऊन नाही, वाऱ्याची झुळूक नाही, मार्गशीर्षात ऑक्टोबरसारखा उकाडा. मागच्या वर्षीची हवा. मी मनात म्हणत होते, असू दे, बॅटरी आहे, पाच दिवस निघतील. त्या मुक्या गावात एका झाडाखाली माझी पेटी चालू आहे हे एकटीला ठाऊक असल्याचा मला थोडा माजही आला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा खोपीबाहेर बसले होते. मी त्यांना चहा दिला. ते आभाळाकडे पाहत म्हणाले, "ता मशीन मी बंद केलंय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"कधी?"

"निघताना."

मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. एवढं खरं की साठीच्या बाईने चौऱ्याऐंशीच्या बापाला बोलू नये ते बोलले. तीन दिवस! या हवेत! मी तशीच उठले आणि काठाकडे निघाले. होडी बांधलेली होती. दोरी सोडायला वाकले तेव्हा लवूदादा शेजारी उभे होते. लवूदादा म्हणजे आमच्या गावचे मानकरी, कौल घ्यायला जाणाऱ्यांतले पहिले. मला वाटलं, आता हे अडवतील आणि मी यांनाही दोन शब्द सुनावणार.

"जाय गो," ते शांतपणे म्हणाले. "कोण अडयना नाय तुका. पण बापाशीक इचारून जा. तेणी कित्या केला ता."

मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. पाणी चढत होतं. माझा एक पाय होडीत होता. कित्या, म्हणजे का, हे मी विचारलं नव्हतं. इतका आरडाओरडा केला आणि तेवढं एक विचारलं नव्हतं.

मी परत गेले. बाबांच्या हातातला चहा तसाच होता, निवलेला. मी त्यांच्याजवळ मातीत बसले आणि विचारलं, "कित्या केल्यात, बाबा?"

त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला. मग म्हणाले, "तो आवाज माका म्हायती आसा."

"कसला आवाज? त्याला आवाजच नाही."

"बुडबुड. बाटलेतली."

आणि मला ऐकू आलं. माळावर, उघड्यावर, खाडीच्या अलीकडे बसून मला आमच्या माजघरातली ती बाटली ऐकू आली. आईच्या उशाशी, तीन महिने, बुडबुड, बुडबुड. मी तेव्हा त्या घरात होते. ती बाटली मीही रोज पाहिली होती. आणि दुकानात उभी राहून मी चार यंत्रांतून नेमकं तेच निवडून आणलं होतं, तळ्याच्या उशाशी लावायला.

"ती दोनदा म्हणाली माका," बाबा म्हणाले. "आता ह्या काढा, म्हणाली. मी नाय काढलंय. पाणी बदलत ऱ्हवलंय." त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "माका ती व्हयी होती."

मला हे ठाऊक नव्हतं. आई माझ्याशी असं काही बोलली नव्हती. मी बाबांचा हात धरला. तो कोरडा, खरबरीत हात चाळीस वर्षं इंजिनाच्या तेलात बुडालेला होता आणि शेवटचे तीन महिने त्या बाटलीत.

"सारंग मरेल ओ, बाबा," मी म्हटलं.

"मरूचो नाय. दार उघडून इलंय."

"कुलूप आहे त्याला."

"कुलूप आसाच," ते म्हणाले. "पट्टेचे स्क्रू काढले. सातय फळयो काढल्यो. पळण सगळ्यांची, गो. तेका कित्या डांबून ठेवक व्हयो?"

चौथ्या दिवशी सकाळी मानकरी तेवढे वेशीतून आत गेले. कौल कसा घेतात ते मी लहानपणापासून पाहिलंय: देवाच्या अंगाला ओल्या कळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात आणि वाट पाहतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दोन तासांनी लवूदादा काठावर आले आणि त्यांनी लांबूनच हात हलवला. डावी. आणखी एक दिवस.

एरवी मी वैतागले असते. त्या दिवशी मला तो दिवस कोणीतरी मुद्दाम दिल्यासारखा वाटला. बाबा बोलत होते. बोटींबद्दल, आईबद्दल, लग्नानंतर ती पहिल्यांदा खाडी ओलांडताना होडीत कशी मधोमध बसून राहिली आणि काठ आला तरी उठेना त्याबद्दल. मी त्यांच्या शेजारी आडवी झाले होते. वर आभाळ हळूहळू सरकत होतं आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा माझ्या झोपेत शिरत होता. फक्त या वेळी त्यातले शब्द मला कळत होते. आई गेल्यावर मी रडले नव्हते. करायचं खूप होतं. त्या दुपारी डोळ्यांतून पाणी आपोआप वाहत राहिलं आणि मी ते पुसलं नाही.

पाचव्या दिवशी उजवी पडली. गुरं, कोंबड्या, माणसं, सगळा गाव ओरडत, हसत परत निघाला. घरात शिरल्यावर आधी चूल पेटवायची असते. मी चूल तशीच ठेवून मागच्या दाराने धावले.

भरती होत होती. तळ्याला समुद्राचा वास येत होता. पाणी ओळखू येईना इतकं निवळ झालं होतं. दारातून खाडी आत येत होती, हलके हलके, आणि तिच्याबरोबर बोटभर मासे झुंडीने आत शिरत होते. कालुंदरं काठाशी चरत होती. एकही पांढरं पोट कुठे दिसलं नाही. पाच दिवस, दिवसातून दोनदा पाणी आत आलं होतं आणि दोनदा बाहेर गेलं होतं. समर्थच्या चार यंत्रांना मिळून जे जमलं नसतं ते सात फळ्या बाजूला ठेवून झालं होतं. मी हे मुलांना शिकवत होते की. भरती-ओहोटी, आठवी, धडा सहावा.

फळ्या बांधावर एकीवर एक, नीट रचलेल्या होत्या. वर माझी लोखंडी पट्टी, तिच्यात माझं कुलूप, बंद. शेजारी चार स्क्रू एका करवंटीत.

बाबा मागून सावकाश आले. दुसरी करवंटी घेऊन त्यांनी चिऱ्यावर तीनदा वाजवली. आम्ही वाट पाहिली. पाणी काळं झालं नाही. त्यांनी पुन्हा वाजवली. लहान मासे पांगले आणि परत गोळा झाले. सारंग नव्हता.

मी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहायला घाबरत होते. गणपतीपासून ज्याची भीती बाळगली, ज्याच्यासाठी कुलूप घातलं, पेटी आणली, तेच झालं होतं. आता हे पुन्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसणार. मी म्हटलं, "बाबा, आतच कुठेतरी असेल. पाणी चढलंय. आत्ता फळ्या घालूया, म्हणजे बाहेर तरी जाणार नाही."

बाबांनी मान हलवली. ते चिऱ्यावर बसले, पाय पाण्यात सोडून.

"येतलो," ते म्हणाले. "तेका अजून कौल मिळाक नाय."

"आणि नाय इलो तर?"

"तर डावी पडली असा समजायचा." ते खाडीकडे पाहत होते. चेहऱ्यावर काही दुःख नव्हतं. बोट सुटताना धक्क्यावरच्या माणसाकडे पाहतात तसं पाहत होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सुनीती."

नावाने ते मला क्वचितच हाक मारतात.

"माजी येळ येतली तेवा तू पण दार उघडा ठेव हां. ती बाटली नको. तुका मी व्हयो आसतलंय, म्हायती आसा माका. तरी नको."

माझ्या ओठांवर किती तरी उत्तरं आली. असं बोलू नका. अजून वेळ आहे. डॉक्टर ठरवतील. बत्तीस वर्षांची सवय, प्रत्येक वाक्यातली चूक शोधायची. त्या वाक्यात चूक नव्हती. करंजाखाली ती पेटी गप्प पडली होती आणि पाणी आवाज न करता आमच्या पायांवर चढत होतं.

"होय, बाबा," मी म्हटलं. हे बोलणं मला फार जड गेलं.

त्यांनी करवंटी माझ्या हातात दिली. मी फळ्या होत्या तिथेच राहू दिल्या, बाबांच्या शेजारी बसले आणि चिऱ्यावर तीनदा वाजवली.